कुंदाताईंना कुणी मारलं?

१

शुक्रवारी सकाळी फुजैरात आजारी पडायची कुणाला फुरसत नसते, असं डॉक्टर छाया बोडस नेहमी म्हणायची. सुट्टीचा दिवस, माणसं उशिरा उठणार, मग कुणी समुद्रावर जाणार, कुणी गाडी काढून दुबईला. १९९९च्या फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी ती वॉर्डाची फेरी संपवून खिडकीशी चहा घेत उभी होती. तेल भरून घ्यायला आलेली जहाजं दूरवर रांगेनं थांबली होती. तेवढ्यात खालून सिस्टर कुलसुमचा फोन आला.

"मॅडम, जरा जल्दी आइए. आप के मराठी लोग हैं. और मामला कुछ ठीक नहीं लग रहा."

खाटेवर कुंदाताई वालावलकर होत्या. छायानं त्यांना ओळखलं ते साडीवरून, चेहऱ्यावरून नाही. फुजैरात मराठी घरं जेमतेम पंधरा. त्या पंधरा घरांतल्या सगळ्या पोरांना गणपतीत दामटून जेवायला घालणाऱ्या कुंदाताई आज भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. दोन्ही डोळ्यांच्या पापण्या काळ्याजांभळ्या झाल्या होत्या. दंडांवर बोटांचे ठसे उमटावेत तसे डाग होते. श्वास घेताना त्या कण्हत होत्या.

पायथ्याशी त्यांची मुलगी ईश्वरी उभी होती. चोवीस वर्षांची, दुबईत एका बँकेत नोकरीला, अल कुसैसला दोन मैत्रिणींबरोबर राहणारी. ती काल संध्याकाळीच घरी आली होती. दाराजवळ तिचे वडील मुरलीधर वालावलकर गाडीची किल्ली मुठीत धरून उभे होते. तेलाच्या टर्मिनलवर सुपरिंटेंडंट. पंपांच्या घरघरीवर ओरडून ओरडून आवाज कायमचा चढलेला आणि रागही नाकावर. आज मात्र ते खाटेजवळही येत नव्हते.

एक्स-रे आला. उजवीकडच्या दोन बरगड्या नुकत्या मोडलेल्या होत्या. डावीकडची एक जुनी, भरत आलेली. म्हणजे एकदाच झालेला अपघात नव्हता.

ईश्वरीनं फिल्म पाहिली, वडिलांकडे पाहिलं आणि छायाला दंड धरून कोपऱ्यात नेलं.

"मावशी, आय ॲम नॉट ओव्हररिॲक्टिंग. मी काल दार उघडलं तर आई अशी बसलेली. बाबा म्हणतात, आपोआप झालं. डोळे आपोआप काळे होतात? बाबांनी मारलंय तिला."

छाया खाटेशी परत आली. "कुंदाताई, मी छाया. कुणी मारलं तुम्हाला?"

कुंदाताईंनी जड नजरेनं तिच्याकडे पाहिलं. तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसे शब्द आले. "हो... मारलं."

"कुणी? वालावलकरांनी?"

"हो."

दाराजवळ किल्ली खाली पडल्याचा आवाज झाला. छायानं वळून पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

२

मुरलीधर पळून गेले नव्हते. ते बाहेर पार्किंगमध्ये आपल्या गाडीला टेकून उभे होते.

"वालावलकर, मला खरं सांगा," छाया म्हणाली. "मी डॉक्टर म्हणून विचारतेय."

"मी हात लावला नाही तिला." मग ते थांबले. "म्हणजे हात लावला. मारायला नाही."

"म्हणजे?"

"तिची पाठ दोन-तीन महिने दुखतेय. बुधवारी तिला खुर्चीतून उठवेना. मी पुढून दोन्ही हातांनी धरली आणि उचलली. तेव्हा कट्ट असा आवाज आला. ती ओरडली." त्यांचा मोठा आवाज आता कसाबसा ऐकू येत होता. "मी मोडल्या त्या बरगड्या, डॉक्टर. पण डोळ्यांचं मला खरंच माहीत नाही. सकाळी उठली ती तशीच."

"आणि डावीकडची जुनी?"

"जुनी?" ते गोंधळले. "जुनी कुठली?"

छायाचा त्या क्षणी त्यांच्यावर विश्वास बसला असं नाही. बायकोला मारणारे पुरुष तिनं पुण्याच्या ससूनपासून इथवर पाहिले होते. त्यातले बरेच जण असेच हळू आवाजात बोलायचे. पण उचलताना बरगडी मोडली, ही सबब तिनं याआधी कुणाकडून ऐकली नव्हती. खोटं बोलायचं तर माणूस जिना सांगतो, न्हाणीघर सांगतो. स्वतःच्या हातात मोडली असं कशाला सांगेल?

हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर अजीज मूळचे कराचीचे. साठीचे, सावकाश बोलणारे सर्जन. त्यांनी फिल्म दिव्यावर धरली आणि मान हलवली.

"बोडस साहिबा, नई भी टूटी है, पुरानी भी. आँखें भी. हमारे यहाँ का कायदा आप जानती हैं, मारपीट का केस हो तो पोलीस को इत्तिला देनी पड़ेगी."

"सर, पोलिसांनी त्यांना नेलं तर त्यांची नोकरी गेली, व्हिसा गेला. आणि चूक निघाली तर?"

"और सही निकली तो? वो घर वापस जाएगी, उसी आदमी के पास."

मग अजीज म्हणाले, "जब तक वो ॲडमिट है, सलामत है. तब तक आदमी मिलने नहीं आएगा. सोमवार को मैं फोन करूँगा, इन्शाल्ला."

छाया वॉर्डात परतली. एक गोष्ट तिला खटकत होती, म्हणून ती कुंदाताईंच्या कानाशी वाकली.

"कुंदाताई, मी मारलं ना तुम्हाला?"

"हो," कुंदाताई म्हणाल्या.

"आणि आज सकाळी तुम्ही जहाजातून आलात ना?"

"हो."

एकुलती एक साक्षीदार, आणि तिची साक्ष कवडीच्या मोलाची. या बाईचं डोकंच ठिकाणावर नव्हतं. मारानं बरगडी मोडते, पण माणूस असा गुंगतो तो कशानं?

३

दुपारी रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा त्या गुंगीचं कारण समोर आलं. कॅल्शियम भलतंच चढलं होतं. इतकं, की त्यानं माणूस बरळतो, झोपेत बुडतो, सारखा तहानतो, त्याचं पोट साफ होत नाही. मूत्रपिंडंही थकली होती. थोडा रक्तक्षयही होता. बाकी काही बोट ठेवण्यासारखं नव्हतं. रक्त गोठण्याचं सगळं ठीक, रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, म्हणजे ईएसआर, ठीक, लघवीच्या तपासणीत प्रोटीन नाही.

"कॅल्शियम आया कहाँ से?" अजीजनी विचारलं.

याचं उत्तर ईश्वरीनंच दिलं, आणि देताना तिचा चेहरा उतरत गेला. "मीच... मी दुबईहून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या होत्या. आईची हाडं दुखतात म्हणून. नवीन वर्षाला. मोठी बाटली. ती म्हणाली होती, घेईन."

"किती घेत होत्या?"

"आय डोन्ट नो. मी फोनवर रोज विचारायचे, घेतल्यास का? ती हो म्हणायची." तिनं छायाचा हात घट्ट धरला. "मावशी, मी विष दिलं का तिला?"

सकाळी जिनं वडिलांवर बोट रोखलं होतं, दुपारी ते बोट तिच्याकडेच वळलं. छायानं तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. आत कुंदाताईंना सलाइन लावलं होतं. कॅल्शियम उतरवायची औषधं सुरू केली होती.

संध्याकाळी वालावलकरांकडे कामाला येणाऱ्या मरियमबी आल्या. हैदराबादच्या, पन्नाशीच्या. रोज सकाळी दोन तास झाडलोट आणि पोळ्या करून जायच्या. ईश्वरीला त्यांचाही संशय होता. सकाळी मुरलीधर ड्युटीवर गेले की घरात कुंदाताई आणि त्या, दोघीच असायच्या.

"मैं क्यों मारूँ जी?" मरियमबी बिचकून म्हणाल्या. "बाजी मेरे बच्ची की शादी में खुद आके खड़ी थीं. साब चिल्लाते बहुत, सच है. नमक कम तो चिल्लाना, पेपर नहीं मिला तो चिल्लाना. पर हाथ उठाते नहीं देखी मैं."

"डोळे कधी काळे झाले?"

"बुध को नहीं थे. जुमेरात को मैं आई तो थे. बाजी गुसलखाने से निकलीं, तो मैं डर गई. पूछी, क्या हुआ. बोले, कुछ नहीं."

"आणि गुरुवारी साहेब कुठे होते?"

"साब तो फजर से, सुबह अंधेरे में ही, ड्यूटी पे थे जी. घर में कोई नहीं था. बस मैं थी."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते मरियमबींच्या ध्यानात आलं. साहेबांना वाचवता वाचवता त्यांनी स्वतःलाच अडकवलं होतं.

बाकावरून ईश्वरी उठली. "म्हणजे बाबा नव्हतेच घरी?"

"पण तुझे बाबा म्हणाले, ती सकाळी उठली ती तशीच," छाया म्हणाली.

दोघांपैकी एकाचं तरी चुकत होतं.

४

शनिवारी मुरलीधर हॉस्पिटलच्या फाटकाशी आले. आत यायची मनाई होती, म्हणून छायाच बाहेर गेली. त्यांनी खिशातून एक बाटली काढून तिच्या हातात दिली. ईश्वरीनं आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या. झाकणाचं सील तसंच होतं.

"कुंदानं एकही घेतली नाही," ते म्हणाले. "गोळी मोठी आहे, गिळवत नाही म्हणायची. जीभ जड झालीये म्हणायची. पोरीचं मन मोडायला नको म्हणून फोनवर खोटं सांगायची. ईशूला सांगा, तिच्या गोळ्यांनी काही झालेलं नाही. मरियमबीकडून कळलं, ती काल दिवसभर जेवली नाही म्हणून."

छाया बाटलीकडे पाहतच राहिली. ज्या मुलीनं यांच्यावर मारहाणीचा आरोप केला होता, तिलाच सोडवायला हे आले होते.

"वालावलकर, गुरुवारी सकाळी तुम्ही घरी होतात का?"

"नाही, ड्युटीवर. दुपारी आलो."

"पण तुम्ही म्हणालात, उठली ती तशीच..."

"मरियमबी घरात होती ना तेव्हा." त्यांनी मान खाली घातली. "मी घरी नव्हतो म्हटलं असतं तर सगळ्यांनी तिला धरलं असतं. ती गरीब बाई आहे. तिच्या मदतीला कोण येणार? मला निदान कंपनी तरी विचारेल."

छाया आत परतली ती वेगळ्याच विचारात. मुलगी सुटली. हा माणूसही खोटं बोलला होता, पण दुसऱ्याला वाचवायला. मग कॅल्शियम आलं कुठून? बाहेरून नाही, तर आतूनच. शरीरात कॅल्शियमचं कोठार एकच, हाडं. हाडं विरघळत असली पाहिजेत.

तिनं अजीजना गाठलं. "सर, मायलोमा असेल तर? बोनमॅरोचा कॅन्सर. हाडं झिजतात, मोडतात, कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडं थकतात, रक्त कमी होतं."

"मैं ने भी सोचा था," अजीज म्हणाले. "लेकिन मायलोमा में ईएसआर सौ के ऊपर जाता है. इन का बाईस है. खून में प्रोटीन बढ़ता है, यहाँ उलटा कम है. पेशाब भी साफ. और आँखें? मायलोमा किसी को घूँसा नहीं मारता, साहिबा."

बरोबर होतं. मायलोमावर संशय घ्यावा तर एकही नेहमीचा पुरावा त्याच्याविरुद्ध नव्हता. छायानं त्याला मनातून सोडून दिलं.

रविवारी कुंदाताईंचं डोकं बरंच ताळ्यावर आलं. कॅल्शियम उतरत होतं. त्यांनी मुलीला ओळखलं, चहा मागितला. ईश्वरीनं धीर करून विचारलं, "आई, तुला बाबांनी मारलं?"

"कुणी?" कुंदाताईंनी तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "काहीतरीच काय बोलतेस? कुणी मारायचंय मला?"

"मग डोळे?"

"कसले डोळे?" त्यांनी हात उचलून पापणी चाचपली. त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

तेवढं बोलून त्या न्हाणीघरात गेल्या. सिस्टर कुलसुम दारापाशी उभी राहिली, पेशंट पडू नये म्हणून. बराच वेळ झाला. आत दुसरा दरवाजा नव्हता, खिडकी नव्हती. कुंदाताई बाहेर आल्या आणि कुलसुमनं तोंडावर हात धरला.

जुने डाग पिवळे पडत चालले होते. त्यांच्यावर दोन्ही पापण्यांवर ताजे, गडद जांभळे डाग उमटले होते.

५

"मैं ने कुछ नहीं किया, मॅडम!" कुलसुम रडकुंडीला आली होती. "मैं तो दरवाजे के बाहर थी!"

"मला माहीत आहे," छाया म्हणाली. तिला तेव्हा खरंच काहीतरी कळू लागलं होतं. "तू मघाशी यांचं ब्लडप्रेशर घेतलंस ना? कुठल्या हाताला?"

"बाएँ, मॅडम."

छायानं डावी बाही वर सरकवली. पट्टा बांधला होता तिथे दंडाभोवती जांभळ्या ठिपक्यांचं कडं उमटलं होतं.

तिनं खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच कुंदाताईंकडे मार खाल्लेली बाई म्हणून नाही, नुसती एक आजारी बाई म्हणून पाहिलं. डाग फक्त पापण्यांवर होते, दोन्हीकडे अगदी सारखे. सूज नव्हती, भुवईचं हाड दुखत नव्हतं. ठोसा इतका नेमका बसत नाही. मग छाती पाहिली. ज्या मारानं दोन बरगड्या मोडाव्यात, त्याची खूण कातडीवर असायलाच हवी. तिथे कातडी स्वच्छ होती. बरगड्या मोडल्या होत्या तिथे डाग नव्हता, आणि डाग होता तिथे काही मोडलेलं नव्हतं.

"कुंदाताई, जीभ दाखवा."

जीभ जाड झाली होती. कडांवर दातांच्या खाचा उमटल्या होत्या.

"हातांना मुंग्या येतात?"

"अगं, दिवाळीपासून. बोटं बधिर असतात. सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. मला वाटलं, वय झालं."

"आणि पोट?"

कुंदाताई संकोचल्या. "फार कुंथावं लागतं गं. आत्ताही तेच."

छाया तडक लॅबमध्ये गेली. तंत्रज्ञाला म्हणाली, "वालावलकरांची लघवी परत तपासायचीय."

"डॉक्टर, पट्टी बुडवली होती. प्रोटीन निल."

"पट्टी नको. सल्फोसॅलिसिलिक ॲसिड आहे?"

कपाटाच्या मागच्या बाजूला एक बाटली निघाली. परीक्षानळीत चार थेंब पडले, आणि स्वच्छ पिवळं पाणी दुधासारखं पांढरं झालं. तंत्रज्ञ थक्क होऊन पाहत राहिला. छायानं दुसरी नळी घेतली. नुसती लघवी, ॲसिड न घालता. ती गरम पाण्यात धरली. ऊब चढत गेली तशी लघवी गढुळली. तापमान उकळीला पोचलं तशी पुन्हा निवळली. कॉलेजात तिच्या प्राध्यापकांनी हा प्रयोग एकदा दाखवला होता. त्यानंतर तिनं तो कधी पाहिला नव्हता.

"डोक्याचा एक्स-रे काढा," तिनं फोनवर सांगितलं. "आत्ता."

६

सोमवारी सकाळी डॉक्टर अजीजच्या खोलीत सगळे जमले. कुंदाताई चाकाच्या खुर्चीत होत्या, शेजारी ईश्वरी. मरियमबी आणि कुलसुम भिंतीला लागून उभ्या होत्या. मुरलीधर दारात घुटमळले. छायानंच त्यांना आत बोलावलं. टेबलावर फोन होता आणि अजीजचा हात त्याच्या जवळ होता.

"सर, फोन करायचाच असला तर मी अडवणार नाही," छाया म्हणाली. "आधी माझं ऐकून घ्या."

तिनं पहिली फिल्म दिव्यावर लावली. कुंदाताईंची कवटी. तिच्यावर गोल गोल काळी छिद्रं होती, जणू कुणी पंच मशीननं कागदाला पाडावीत तशी.

"बरगड्या कुणी मोडल्या, हा पहिला प्रश्न. वालावलकर म्हणतात, मी. त्यांनी उचललं हे खरं आहे. पण ही हाडं आतून पोखरलेली होती. डावीकडची तर नुसत्या खोकल्यानंही गेली असेल. उजवीकडच्या बुधवारी मोडल्या नसत्या, तर गुरुवारी कूस बदलताना मोडल्या असत्या."

मुरलीधरांनी डोळ्यांवर हात धरला.

"कॅल्शियम कुठून आलं, हा दुसरा प्रश्न. त्याच पोखरलेल्या हाडांतून. ईश्वरीच्या बाटलीचं सील फोडलेलंच नाही. आणि ते कॅल्शियम मेंदूला चढलं, म्हणून कुंदाताई प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होत्या. मी त्यांना मारलं, त्या जहाजातून आल्या, तेही त्यांनी कबूल केलं."

कुंदाताई खुदकन हसल्या आणि लगेच बरगडी धरून गप्प झाल्या.

"और आँखें?" अजीजनी विचारलं.

"डोळ्यांमुळेच आपण सगळे फसलो. काल डाग पडले तेव्हा त्या एकट्या होत्या, दाराबाहेर कुलसुम. गुरुवारीही त्या न्हाणीघरातूनच बाहेर आल्या होत्या, मरियमबींनी सांगितलंच आहे. दोन्ही वेळा त्या कुंथत होत्या. पोट का साफ होत नव्हतं? कॅल्शियममुळे. कुंथल्यावर डोक्याकडच्या बारीक रक्तवाहिन्यांवर दाब येतो. तुमच्या-माझ्या वाहिन्या तो सोसतात. यांच्या ठिसूळ झाल्यात, म्हणून पापणीत रक्त उतरतं. दंडावर धरलं की बोटं उमटतात, ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला की कडं उमटतं."

"ठिसूळ कशानं?" ईश्वरीनं विचारलं.

"एका प्रोटीननं. तेच जिभेत साचलंय, तेच मनगटातली नस दाबतंय, म्हणून बोटं बधिर. ॲमिलॉइड. ते येतं बोनमॅरोतून, मायलोमाच्या पेशींकडून."

अजीज पुढे सरकले. "लेकिन ईएसआर? पेशाब?"

"तिथेच तो निसटला, सर. आपण दोघांनीच त्याला सोडून दिलं. नेहमीचा मायलोमा मोठी प्रोटीनं बनवतो. ती रक्तात साठतात आणि ईएसआर चढतो. हा नुसते बारीक तुकडे बनवतो. ते रक्तात टिकत नाहीत, मूत्रपिंडातून लघवीत उतरतात. आणि आपली पट्टी ओळखते फक्त अल्ब्युमिन हे एकच प्रोटीन. हे तुकडे तिला दिसतच नाहीत." तिनं कालची पांढरी नळी टेबलावर ठेवली. "ॲसिडला दिसतात. आणि ऊब लागली की साकळतात, उकळल्यावर विरघळतात. असं वागणारं प्रोटीन हेच."

अजीजनी नळी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. मग फोन उचलून बाजूला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"खलास," ते म्हणाले. मुरलीधरांकडे वळून त्यांनी हात जोडले. "भाई साहब, हम से जो हुआ, माफ कीजिए."

बोनमॅरोची तपासणी व्हायची होती, लघवीचा नमुना दुबईच्या मोठ्या लॅबला जायचा होता. पुढच्या आठवड्यात दोन्ही उत्तरं आली आणि छायाचंच म्हणणं खरं ठरलं. पण त्या सकाळी खोलीतल्या कुणालाच शंका उरली नव्हती. उरली होती ती भीती.

"मावशी, यातून आई बरी होईल?" ईश्वरीनं विचारलं.

छायानं खोटं सांगितलं नाही. "पूर्ण बरी नाही. औषधं आहेत, गोळ्या आहेत, हाडांसाठी इंजेक्शन आहे. दुखणं कमी होईल, दिवस मिळतील. किती, ते मी सांगू शकत नाही."

सगळे बाहेर पडले तेव्हा ईश्वरी वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. इतके दिवस तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं.

"बाबा, आय ॲम..." इंग्रजीत पुढे काही सुचेना. मराठीतही सुचेना.

"माफी नको मागूस," मुरलीधर म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा चढला होता. पलीकडच्या रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं. "आईला कुणी मारलं असं वाटलं, तर बापालाही सोडायचं नाही. मी तुला दुसरं काय शिकवलं?"

कुंदाताईंना उरलेलं सगळं घरी गेल्यावर कळलं. त्या गुंगीत असताना बापलेकीत काय झालं, आणि हॉस्पिटलबाहेर काय झालं तेही. त्या चार दिवसांत पंधरा मराठी घरांत बातमी फिरली होती. मुरलीधरांचा फोन कुणी उचलत नव्हतं. गाडीतून एकत्र ड्युटीवर जाणाऱ्या दोघांनी आपली सोय दुसरीकडे पाहिली होती.

त्यानंतर कुंदाताई अडीच वर्षं जगल्या. मधले काही महिने मुंबईला उपचार, बाकी फुजैरात. त्यातले बरेच दिवस चांगले गेले, काही फार वाईट. शेवटी हृदय थकलं. ईश्वरी दुबईची नोकरी सोडून घरी आली होती. पण त्या सगळ्यात एक दिवस असा होता, जो छाया पुढे कधी विसरली नाही.

मुंबईहून परतल्यावर पहिल्याच डिसेंबरात कुंदाताईंनी पंधराही घरांना जेवायला बोलावलं. स्वयंपाक मरियमबी आणि ईश्वरीनं केला होता. पाहुणे अवघडून बसले होते. मुरलीधर कोपऱ्यात सगळ्यांना पाणी देत होते. पापण्यांवर आदल्याच दिवशीचे जांभळे डाग घेऊन कुंदाताई काठी टेकत मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"नीट बघून घ्या सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. जिभेमुळे शब्द जड होते, तरी प्रत्येक शब्द कळत होता. "हे काल पडले. मी शिंकले, एवढंच. यांच्याविषयी कोण काय बोललं, ते मला सगळं माहीत आहे. मी कुणाचं नाव घेणार नाही. पण आज माझ्या घरात जेवायचं असेल, तर आधी ह्यांच्याशी बोलायचं."

मग सगळ्यात आधी उठल्या त्या ड्युटीच्या गाडीतल्या एकाची बायको. त्या मुरलीधरांपाशी गेल्या, त्यांच्या हातातून पाण्याचा जग घेतला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बसा. मी देते."

मागोमाग सगळे उठले.